मासोळीची रांग

नागभीडच्या आठवडी बाजारात मी माठ वाजवून बघत होतो, तेव्हा देवरावच्या लेकीचा, सुजाताचा फोन आला. माठवाला वैतागला होता, कारण मी एकामागून एक माठ उचलून बोटाने टणटण करत होतो आणि घेत मात्र एकही नव्हतो. भट्टीवर जन्म गेलेल्या माणसाची ही खोड काही जात नाही. फोन कानाला लावला तर ती म्हणाली, "काका, बाबा गेले." दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुखणं नाही, दवाखाना नाही, कोणाला तसदी नाही. मी माठ होता तिथे ठेवला आणि सिंदेवाहीची एसटी धरली. वाटेत सारखं एकच मनात येत होतं, की या माणसाशी माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे. मागच्या भेटीत घराच्या गच्चीला भेगा का पडतात यावरून आम्ही वाद घातला होता आणि चहा आला म्हणून तो तसाच सोडला होता.

देवराव मेश्राम कोण, हे या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. त्याच्या नावाचा चौक नाही की फलक नाही. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं त्या जागी इंग्रजी कवेलूंचा, म्हणजे छपराच्या कौलांचा, एक कारखाना होता. साच्यात दाबून काढलेल्या, चपट्या, खाचांच्या कवेलूंना आमच्याकडे इंग्रजी म्हणतात, कुंभाराच्या अर्धगोल कवेलूंना देशी. मी तिथे भट्टीचा मिस्त्री होतो. देवराव आयटीआय करून आला आणि तपासनीस म्हणून लागला. तपासनीस म्हणजे सगळ्यांचा दुश्मन. आम्ही करायचं आणि त्याने नापास करायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या भट्टीचा माल कच्चा म्हणून बाजूला काढला आणि मी त्याला सांगितलं, की भाजीचं मीठ खाऊन बघणाऱ्याने चुलीची अक्कल शिकवू नये. तो हसला. संध्याकाळी माझ्याच खोलीवर येऊन बसला आणि विचारू लागला, की भट्टीत आच कोणत्या बाजूने चढते. आता ज्याला दारातून हाकलावं तोच आत येऊन पाणी मागू लागला तर काय करणार... दोस्ती झाली ती अशी.

त्याची बायको विमल त्याच कारखान्यात होती, तो यायच्या आधीपासून. ओले कवेलू साच्यातून निघाले की लाकडी फळीवर घेऊन वाळवणीच्या शेडमध्ये न्यायचे आणि मांडण्यांवर लावायचे, हे काम बायांचं. विमल त्यांची मुकादम. लग्न तिथेच जमलं, आणि जमवण्यात माझाही थोडा हात होता हे इथे लिहून ठेवतो, कारण विमलबाई ते कधी कबूल करत नाहीत. आम्ही शेजारी शेजारी कुडाच्या भिंतीच्या खोल्यांत राहायचो. त्यांच्याकडे भाजीला फोडणी पडली की ठसका मला लागायचा.

त्या उन्हाळ्यात कारखान्याला धानोऱ्याकडच्या आश्रमशाळांच्या छपरांची ऑर्डर मिळाली होती. मोठी ऑर्डर, साहेब खुशीत. आणि पहिलाच ट्रक परत आला. तिथल्या इंजिनियरने कवेलू वाजवून पाहिले तर कितीतरी बद्द बोलत होते. चांगला भाजलेला कवेलू टणकन बोलतो. आत केसाएवढा तडा असला तरी बद्द आवाज येतो, मग डोळ्याला काही दिसो न दिसो. असा कवेलू छपरावर एक पाऊस काढत नाही. आता तडा कोणी पाडला... मी म्हणालो, भट्टी ठीक आहे. साचेवाले म्हणाले, साचा ठीक आहे. उरल्या कोण? बाया. कवेलू ओला असताना हाताळतात त्या, बोलत बोलत चालतात त्या, फळी आपटतात त्या. असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. मालकांचा नागपूरहून निरोप आला, की वाळवणीचं काम ठेकेदाराच्या टोळीला द्या आणि बाया कमी करा.

आमचे मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते. नुकतेच ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. कारखान्यातल्या माणसांनी एकत्र बसून, साध्या आकृत्या काढून दोष कसे शोधावेत, असं काहीतरी तेव्हा नवीन निघालं होतं. साहेबांनी आणलेले कागद आमच्यात फक्त देवरावने वाचले. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, कोनाले काढाचं थे मंग पाहू. आधी तडा कुठी पडते थे तं पाहू." साहेबांनी दोन भट्ट्यांची मुदत दिली. दोन भट्ट्या लागून, निवून, उघडून होईपर्यंत. त्यानंतर ठेकेदाराची टोळी येणार होती, आणि ज्या बाया जाणार होत्या त्यात विमल पहिली, कारण ती मुकादम. घर त्या दोघांच्या पगारावर चालत होतं, त्यात सुजाता पाळण्यात. शिवाय कारखान्यात कुजबूज सुरू झालीच होती, की मेश्राम बायकोसाठी धडपडून राहिला आहे. ती कुजबूज करणाऱ्यांत माझे भट्टीवाले पुढे होते.

देवरावने काय केलं, तर पहिल्यांदा नापास मालाचा ढीग वेगळा मांडला. आमच्याकडे नापास कवेलू म्हणजे एक उकिरडा असायचा, सगळं एकात एक. त्याने भिंतीला लागून चळती रचल्या. वाकडे एका चळतीत, कोपरा उडालेले दुसऱ्या, कच्चे तिसऱ्या, तडा गेलेले चौथ्या. साहेबांच्या कागदावर खांबांची आकृती होती ना, तीच ही, पण खऱ्या कवेलूंची. वाकड्यांची चळत गुडघ्याला आली, कच्च्यांची घोट्याला. तड्यांची चळत माणसाच्या डोक्यावर गेली. तिला बघून जो तो थांबायचा. इतके दिवस आम्ही वाकड्या कवेलूंवरून भांडत होतो, कारण वाकडा कवेलू दिसतो. रोज हजेरी लावायला जाताना ती चळत समोर यायची आणि तोंडं बंद व्हायची. मला त्या चळतींचा राग यायचा, पण कच्च्यांची चळत सगळ्यांत बुटकी होती म्हणून मी भट्टीवाल्यांना तिथे नेऊन दाखवायचो. माणूस असाच असतो.

मग त्याने शेडच्या भिंतीवर खडूने तक्ता आखला. वर बायांची नावं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी खूण, आणि आधीच्या भट्टीचा माल वाजवून बघताना ज्या बाईच्या कवेलूला तडा निघेल तिच्या खाली एक रेघ. रेघा बायांनीच ओढायच्या, कारण कोणती फळी कोणी लावली हे त्यांनाच ठाऊक. साहेबांच्या कागदावर असंच होतं. आठवडा गेला आणि देवराव तक्त्यासमोर उभा राहून डोकं खाजवू लागला. सगळ्या बायांच्या खाली सारख्याच रेघा! कामात हात मुरलेली जुनी सायत्रा असो की कालच लागलेली नवी पोरगी असो, कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही. साहेब म्हणाले, म्हणजे सगळ्याच निष्काळजी आहेत. तो घरी आला आणि विमलला विचारलं. मधला कुड पातळ असल्यामुळे पुढचं मी ऐकलं आहे.

"वाटून घेतल्या," विमल म्हणाली. "गावच्या तलावाची मासोळी निघते तवा कसे वाटे घालतो आपन? ज्याच्या जाळ्यात आली त्याची एकट्याची असते का? मंग एकीनंच काऊन मराचं?"

झालं होतं ते असं. रोज सुटीच्या वेळी त्या तक्त्यापाशी जमायच्या, रेघा मोजायच्या आणि ज्या बाईच्या खाली कमी असतील तिच्या खाली ओढायच्या. आज तुझ्या, उद्या माझ्या. फसवायचं म्हणून नाही. एकीचं नाव पुढे आलं की ती गेली, आणि सगळ्यांच्या नावावर सारखं आलं तर सगळ्यांना कोण काढणार, असा त्यांचा हिशेब. आमच्या झाडीपट्टीत तळ्यातली मासोळी, शिकारीचा वाटा, मोहाची टोपली, सगळं असंच वाटून होतं. संकट आलं तर तेही वाटून घ्यायचं, दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. मला वाटलं, देवराव आता चिडेल. तो हसू लागला. दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली घेऊन आला आणि नावांचा तक्ता धुऊन टाकला. बायांना गोळा करून म्हणाला, "चूक माही हाये. मी कोन, कोन करत बसलो. आता नाव नाई लिहाचं. कवेलू कोनं फोडला थे नका सांगू. कुठी ठेवला होता तेवढं सांगा."

वाळवणीच्या शेडमध्ये मांडण्यांच्या चार लांब रांगा होत्या. प्रत्येक रांगेला बायांनी एकेक चित्र दिलं. एक पानाची रांग, एक चांदणीची, एक मोराची, एक मासोळीची. फळीवरून मांडणीवर ठेवताना ओल्या कवेलूच्या पाठीवर काडीने ते चित्र काढायचं, बस. भाजून निघाल्यावरही ते तसंच राहतं. घराच्या भिंतीवर, ओट्यावर चित्रं काढणाऱ्या बाया त्या, त्यांना यात मौज वाटली. काहींचे मोर इतके सुरेख निघायचे की मला ते भट्टीत लावताना जीव लावून लावावे लागायचे. देवरावने भिंतीवर आता शेडचा नकाशा काढला, चारही रांगा जिथल्या तिथे. शेजारी माझ्या भट्टीचाही नकाशा काढला, वरून पाहिल्यासारखा. तडा निघाला की कवेलू भट्टीत कुठे होता तिथे एक फुली आणि शेडमध्ये कुठे होता तिथे एक फुली. मी म्हणालो, माझ्या भट्टीचं काय काम? तो म्हणाला, "मिस्त्री, तुह्या भट्टीची सुटका करून राह्यलो, गप बस."

पहिली भट्टी उघडली. आम्ही एकेक कवेलू वाजवत गेलो आणि तो फुल्या मारत गेला. माझ्या भट्टीच्या नकाशावर फुल्या कुठेही पडल्या, वर, खाली, मध्ये, दाराशी. पेरणीला धान फेकावं तशा. मी निःश्वास सोडला. शेडच्या नकाशावर मात्र तीन रांगा जवळजवळ कोऱ्या राहिल्या आणि चौथीत फुल्यांची गर्दी झाली. ज्या कवेलूला हात लावावा त्याच्या पाठीवर मासोळी... आणि मासोळीची रांग विमलची होती. ती स्वतः आणि तिच्या दोन साथीदारणी ती रांग सांभाळायच्या.

त्या दिवशी कारखान्यात सगळे एकदम सभ्य झाले. कोणी मोठ्याने बोलेना. देवरावच्या हाती खडू होता आणि तो फुली मारायचा, पुढचा कवेलू उचलायचा, पाठ बघायचा, पुन्हा फुली. मी जवळच होतो. मी हळूच म्हणालो, जाऊ दे, एखादी मोराच्या रांगेत मार. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विमल शेडच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून हे बघत होती. साहेब येऊन नकाशा बघून गेले. जाताना त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचा अर्थ चांगला नव्हता हे सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी शेजारी चूल पेटली, भाकरीचा वास आला. मग विमलचा आवाज आला. ती रडत नव्हती, रडली असती तर बरं वाटलं असतं. "माह्याच रांगेत तुमी फुल्या मारून राह्यले. घरचे माणूस आहा का ठेकेदाराचे?"

"पुसाले दोन मिनिटं लागत नाई," तो म्हणाला. "पन पुसल्यावर तुले कायनं वाचवू? थे भिंतीवर हाये म्हणून तं सारे पाहून राह्यले. अजून पुरतं झालं नाई थे. अजून एक गोष्ट पाहाची हाये."

ती म्हणाली, जे करायचं ते करा, आणि भांडी आवरू लागली. मी कुडाला टेकून बसलो होतो. मला त्याचा राग आला होता, खरंच सांगतो. सत्य वगैरे ठीक आहे, पण पाळण्यात लेकरू असताना इतका कडक माणूस काय कामाचा, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने फक्त एवढंच केलं, की विमल आणि तिच्या साथीदारणींना मोराच्या रांगेवर पाठवलं आणि मोराच्या बायांना मासोळीच्या रांगेवर आणलं. बाकी सगळं होतं तसंच. फुल्या विमलच्या मागे मोराच्या रांगेत गेल्या तर दोष हाताचा, मासोळीतच राहिल्या तर दोष जागेचा. इतकं साधं की साहेबही म्हणाले, हे आपल्याला आधी का सुचलं नाही. शिवाय त्याने भिंतीवर एक मोठा कवेलू काढला, आणि तडा कवेलूच्या अंगावर नेमका कुठे आहे ते त्यावर दाखवायला लागला. बाया कवेलू धरतात दोन टोकांना. तडे निघत होते एका लांब कडेला, आणि बहुतेक सगळे त्याच कडेला. तिथे कोणाचा हातही लागत नव्हता.

अदलाबदलीचा निकाल भट्टी उघडल्यावरच कळणार होता, पण त्याआधीच शेवटचं जे कळलं ते विमलकडून. मोराच्या रांगेवर जाऊन तिला आठवडाही झाला नव्हता. दुपारच्या भाकरीच्या वेळी ती देवरावपाशी आली. अबोला होता तो विसरून म्हणाली, "तिकडे मासोळीत उभी होती तवा पदर ओला करून डोक्यावर घेतला का घटकेत कडक वाळे. इथी अर्धा दिवस ओलाच राह्यते. माह्या पदराले जे होते थे कवेलूले नाई होत का?"

देवराव तसाच उठला. आम्ही सगळे त्याच्यामागे शेडमध्ये गेलो, साहेबही. चंद्रपूरकडची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला हे सांगून समजणार नाही. मासोळीची रांग शेडच्या पश्चिमेला होती, आणि त्या बाजूला भिंत नव्हती, नुसते खांब होते. दरवर्षी त्या बाजूला सरपणाची उंच रास असायची. यंदा नवं गोदाम झालं म्हणून रास तिकडे गेली आणि पश्चिमेच्या गरम वाऱ्याचा झोत थेट मांडणीवर येऊ लागला. विमलने ओला पदर तिथे धरला आणि आमच्या डोळ्यांसमोर तो फडफडत वाळला. ओला कवेलू त्या कडेने झरझर वाळायचा, दुसरी कड ओलीच राहायची, आणि ओढाताणीत मध्येच कुठेतरी केसाएवढी चीर. ती तेव्हा दिसत नाही. भट्टीत गेल्यावर ती उघडी पडते, आणि मग नाव मिस्त्रीचं नाहीतर बाईचं. रास हलवली तेव्हा कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं की सरपण त्या कवेलूंना सावली देत होतं.

उपाय बुरडाच्या घरी तयारच होता. बांबूचे तट्टे आणून पश्चिमेच्या खांबांना बांधले, त्यावर पोत्याची किलतानं, आणि दुपारी त्यांवर पाणी मारायचं. मग त्या आडोशाला वाळलेल्या मालाची दुसरी भट्टी. ती निवेपर्यंतचे दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. ठेकेदाराचा माणूस एकदा येऊन शेड बघून गेला होता, टोळी कुठे उतरायची हे विचारून गेला होता. भट्टी उघडली तेव्हा बाया कामं सोडून दाराशी उभ्या होत्या. पहिला कवेलू मीच काढला. उलटा केला, मासोळी. वाजवला... टण्ण. दुसरा, मासोळी, टण्ण. मी वाजवत गेलो आणि देवराव खडू घेऊन भिंतीपाशी नुसताच उभा राहिला, त्याला फुली मारायला काही मिळेना. मध्ये दोनचार बद्द निघाले, ते निघायचेच. साहेबांनी स्वतः एक कवेलू हातात घेतला, पाठीवरची मासोळी बघितली आणि म्हणाले, नागपूरला मी काय ते कळवतो, तुम्ही ट्रक भरा. सायत्राने विमलला मिठी मारली. विमल देवरावकडे बघत होती. तो खाली बसून पाण्याच्या बादलीत हात धूत होता, जरा जास्तच वेळ.

बाया राहिल्या. शाळांची छपरं झाली. नावांचा तक्ता आमच्याकडे पुन्हा कधी लागला नाही. नकाशे मात्र सगळीकडे झाले, साच्यापाशी, भट्टीपाशी, मातीच्या खड्ड्यापाशीसुद्धा. बायांचा त्यांवर एवढा विश्वास बसला की चुकून कवेलू पडून फुटला तरी स्वतः जाऊन फुली मारून यायच्या. पुढे सिमेंटचे पत्रे आले आणि कवेलूंचे दिवस गेले, कारखाना हळूहळू मिटला. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. ज्याचा काळ झाला ते जातं. देवराव सिंदेवाहीला स्थायिक झाला, तिथे आयटीआयच्या पोरांना शिकवू लागला. दरवर्षी मे महिन्यात तो मला पत्र टाकायचा आणि त्यात शेवटी विचारायचा, तुमच्याकडे वारा कसा आहे.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गर्दी होती. भंतेजी बोलले, विद्यार्थी बोलले. मला बोलता आलं नाही. तीनेक आठवड्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा घरात विमलबाई आणि सुजाता दोघीच होत्या. सुजाता गडचिरोलीला नोकरीला आहे. दारात भरलेली पिशवी दिसली. सुजाताने मला अंगणातच गाठलं. आईला घेऊन जाते म्हणाली. विमलबाईंना काचबिंदू आहे, बाजूचं दिसत नाही, फक्त समोरचं थोडं दिसतं. बाबा होते तोवर चालत होतं, पण बाबा गेल्यापासून आई सारखी धडपडते, परवा तर गुडघा फोडून घेतला. तिला आता एकटीला जमणार नाही. सुजाताचं चुकत होतं असं नाही. लेक आहे, जीव तुटतो. आत विमलबाई बसल्या होत्या. मी विचारलं, जायचं आहे का? त्या म्हणाल्या, "कोनाले जाचं हाये? पन कोनी मले इचारलं का, कुठी लागलं म्हणून? सारे म्हणते, आई पाहून चाल."

मग त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारामागे नेलं. तिथे भिंतीवर पेन्सिलने घराचा नकाशा काढलेला होता. देवरावचा हात, तो मला कुठेही ओळखू येईल. खोल्या, उंबरे, पाण्याचा रांजण, पलंग, खिडकी. आणि ठिपके. विमलबाईंचे डोळे अधू झाल्यापासून त्या कुठे ठेचकाळल्या, कुठे कोपर लागलं, तिथे तिथे त्याने ठिपका दिला होता. रांजणापाशी ठिपक्यांची गर्दी झाली तेव्हा त्याने रांजण हलवला. मागच्या दाराचा उंबरा त्याने स्वतः तासून बसका केला. पलंगाचा कोपरा घासून गोल केला. नकाशा खूप जुना होता, आणि शेवटी शेवटी ठिपके थांबले होते... त्याने एकदाही तिला पाहून चाल म्हटलं नव्हतं.

मी सुजाताला हाक मारली. तिच्याकडून पेन घेतलं आणि विमलबाईंना म्हटलं, देवराव गेल्यावर कुठे कुठे लागलं ते सांगा. त्या सांगत गेल्या. गुडघा इथे. पोटरी इथे. कप पडला तो इथेच. परवाचं तेही इथे. मी ठिपके देत गेलो आणि सगळे एकाच जागी पडले, स्वयंपाकघराच्या दारापासून दोन पावलांवर. आम्ही तिघांनीही वळून बघितलं. तिथे देवरावची खुर्ची होती. कार्यक्रमाच्या वेळी सतरंजी घालायला जागा हवी म्हणून कोणीतरी ती खिडकीजवळून उचलून तिथे भिंतीला लावली होती, आणि मग ती परत खिडकीपाशी ठेवायचं कोणालाच धैर्य झालं नव्हतं. रिकामी खुर्ची खिडकीत बघवत नव्हती, सुजाता म्हणाली, आणि तिला रडू आलं. मलाही आलं.

मग सुजाताने एक बाजू धरली, मी एक धरली. खुर्ची पूर्वी होती तिथे, खिडकीपाशी ठेवली. विमलबाई उठल्या, दारापर्यंत न चाचपडता गेल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. सुजाताने दारातली पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. थोड्या वेळाने विमलबाई चहाचे कप घेऊन आल्या. वाटेत खुर्चीच्या पाठीला त्यांचा हात सहज लागला, तिथे त्या क्षणभर थांबल्या, आणि मग कप माझ्या हातात दिला. बशीत थेंबही सांडलेला नव्हता.